सर्टिफिकेट घ्या, पण तास बघून
दादा, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, आता व्यसनमुक्ती समुपदेशनाचा कोर्स करू का, असं विचारलंय तुम्ही. करा की. फक्त प्रत्यक्ष केंद्रात किती तास बसवतात ते आधी विचारा. मी लातूरकडं हेच काम करतो. पहिल्याच महिन्यात एक ऊसतोड कामगार आला, दोन दिवसांपूर्वी दारू एकदम सोडलेली. हात असे थरथरत होते की चहा कपात कमी, बशीत जास्त. मी आपला इच्छाशक्तीवर बोलत बसलो (आता लाज वाटते). दाराशी बसलेली बायको म्हणाली, "सायेब, रातच्याला ह्यांला भिंतीवर मुंग्या दिसत्यात." रोजचा पिणारा एकदम थांबला तर पहिल्या ३-४ दिवसांत फिट, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेततं. तिथं समुपदेशन नाही, आधी डॉक्टर. त्याला लगेच दवाखान्यात हलवलं.