भरवायचं की सांडू द्यायचं?

कर्वेनगरची आई
मुलगा दोन वर्षं दोन महिन्यांचा. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा पाळणाघरात असतो. तिथे तो वरणभात स्वतःच्या हाताने खातो. मला खरं वाटेना म्हणून ताईंनी व्हिडिओ पाठवला. बाईसाहेबांसारखी मांडी घालून, वाटी चाटूनपुसून!

घरी तोच मुलगा आणि तोच भात. पण सासूबाई वाटी घेऊन मागे आणि हा पुढे. हॉल, गॅलरी, "ती बघ बस आली", परत हॉल. पाऊण तास जातो. शेवटचा घास गालात धरून झोपतो, मग तो बोटाने काढायचा.

माझं म्हणणं, घरीही त्याला हाताने खाऊ द्यावं. सांडलं तर सांडू दे. नाही खाल्लं तर वाटी उचलावी. सासूबाई म्हणतात, मूल उपाशी झोपवायचं का? नवरा तटस्थ आहे, म्हणजे तोवर स्वतः जेवून घेतो.

तुमचं मत सांगा. फक्त "आमच्या वेळी"ने सुरुवात करू नका.

आजी, सहकारनगर
आमच्या वेळी (राहवलं नाही, माफ कर) तीन मुलं आणि दोन पुतणे एका ताटात भरवले. कोणाचं अडलं नाही, सगळे आज हाताने जेवतात. एकाला तर आवरावं लागतं.

तू दिवसभर कामावर, तो दिवसभर पाळणाघरात. तुझ्या सासूबाईंना तो किती वेळ मिळतो? साडेसहा ते साडेआठ. त्यात तू आल्यावर तो तुझा. उरतो हा वाटीचा पाऊण तास. चिऊचा घास, काऊचा घास, मनीचा घास करताना ती त्याच्याशी बोलते तरी. माझ्या नातवाला "लाल", "मोठी" आणि "गेली" हे शब्द गॅलरीतल्या बसनेच शिकवले.

आणि पाळणाघरात शहाणं असतं मूल, घरी लाडावतं. घर त्यासाठीच असतं.

धायरीकर बाबा
धागाकर्तीला एकच प्रश्न. "सांडू दे" हे कोण म्हणतं आणि पुसतं कोण?

मऊ भात रात्रभर फरशीवर राहिला की सकाळी कालथ्याने खरवडावा लागतो. कामाच्या मावशी सकाळी येतात, भात रात्री सांडतो. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजून पाणी वापरतो. त्यात रोज लाळेरं, चादर, मुलगा आणि बाप असं सगळं धुवायचं? स्वावलंबनाला माझा विरोध नाही. आठवड्यातून दोनदा, रविवार धरून.

औंध_२
धायरीकर, जुना पेपर अंथरा. प्रश्न मिटला.

मूळ मुद्दा वेगळा आहे. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत. त्यांनी कामाची वाटणी सांगितली आहे. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. भरवणारा माणूस मुलाच्या वाटणीचं काम स्वतःकडे घेतो. मग पोट भरल्याचं त्याला कळणार कसं?

आजी, सहकारनगर
अमेरिकेतल्या बाईंना आमच्या घरातलं वजन दिसत नाही. आमची मुलं मुळात बारीक. तिकडच्या तक्त्यात बसवली की सगळीच खाली.

औंध_२
आजी, इथे मात्र तुमचं चुकलं. डॉक्टर आता जे तक्ते वापरतात ते जागतिक आरोग्य संघटनेचे, २००६चे. त्यासाठी सहा देशांतली मुलं मोजली, त्यात आपल्या दिल्लीचीही होती. नीट खायला-प्यायला मिळालं तर पहिल्या पाच वर्षांत आपली मुलंही तशीच वाढतात, हेच तर त्यातून दिसलं.

आजी, सहकारनगर
"नीट खायला मिळालं तर". म्हणजे माझंच म्हणणं झालं की!

पाळणाघरवाली मावशी
वीस वर्षं पाळणाघर चालवते, म्हणून थोडं लांब लिहिते.

आधी व्हिडिओबद्दल. आमच्याकडे सव्वाबाराला आठ मुलं गोल बसतात. एकाने भातात हात घातला की दुसरा घालतो. पण कबूल करते, शेवटचे चार-पाच घास मीही भरवते. मुलं तेव्हा पेंगायला लागतात. तो भाग कोणी आईवडिलांना पाठवत नाही! तुमच्या ताईंचं मला माहीत नाही, पण पूर्ण जेवणाचा व्हिडिओ मागून बघा.

दुसरं, भूक. बाळ पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं. तीन किलोचं नऊ. दुसऱ्या वर्षात साधारण दोन-अडीच किलोच वाढतं. म्हणजे वाढीचा वेगच उतरलेला असतो, त्याप्रमाणे भूकही. आयांना वाटतं, वर्षाचा होईपर्यंत छान खायचा, आता काय झालं? काही झालेलं नसतं.

तिसरं आणि महत्त्वाचं. घरी गेल्यावर सहा ते आठ त्याच्या पोटात काय जातं? दूध किती? या वयात दिवसाला अर्धा लिटर पुरे, डॉक्टर बऱ्याचदा त्याहून कमीच सांगतात. दुधाने पोट भरतं, पण दुधात लोह जवळजवळ नसतं. दुधावर राहणारी गोरीगोमटी दिसणारी मुलं तपासली की रक्त कमी निघतं. मी असे चार-पाच तरी पाहिले.

आणि आजीबाई, राग मानू नका, पण पळत्या मुलाच्या तोंडात घास घालू नये. हसता-धावताना तो श्वासनलिकेत जातो. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं तर चार-पाच वर्षांपर्यंत नकोतच. बस बघायची तर बसून बघू दे.

आजी, सहकारनगर
पळताना नको, हे मान्य. आमची सोसायटी लहान, आमची पळतच नाहीत फारशी.

वारजे_रात्रपाळी
सगळे सुसंस्कृत लोक दिसता. आम्ही मोबाइल लावतो. दोघं नोकरीला, आजी गावी. कार्टून लावलं की बारा मिनिटांत वाटी रिकामी. चिऊ-काऊ म्हणजे तरी काय? लक्ष दुसरीकडे वळवून घास ढकलायचा. तुमची चिऊ चालते, माझी का नाही?

कर्वेनगरची आई
हे वाचून मी गप्प झाले, कारण माझाही आक्षेप तोच आहे. बस असो की चिऊ, तो काय खातोय हे त्याला कळतच नाही.

औंध_२
फरक आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलंय, दोन वर्षांखाली मोबाइल-टीव्हीचा पडदा नकोच आणि दोन ते पाचमध्ये दिवसाला फार तर एक तास. चिऊवर अशी मर्यादा कोणी घातलेली नाही.

वारजे_रात्रपाळी
बारा मिनिटं गुणिले दोन म्हणजे चोवीस. माझी अजून छत्तीस शिल्लक आहेत.

आजी, सहकारनगर
अरे बाळा, हिशेबाचं नाही ते. त्याने तोंड मिटलं की चिऊ थांबते. "चिऊला नको? बरं, काऊला देऊ." मोबाइल थांबतो का? तुझ्याकडे कोणी नाही हे मला कळतं, मी तुला नावं ठेवत नाहीये. रविवारी तरी बंद ठेवून बघ.

वारजे_रात्रपाळी
रविवारी बघतो. वचन नाही.

कर्वेनगरची आई
मावशींचा प्रश्न घरी विचारला. सव्वासहाला बाटलीभर दूध आणि दोन बिस्किटं रोज जातात. मी सातला पोचते, मला पत्ताच नाही. देणारं माणूस सासूबाई नव्हेत. त्यांनाही माहीत नव्हतं, त्या तेव्हा खाली फिरायला गेलेल्या असतात. देणारा तटस्थ होता. "रडत होता म्हणून दिलं," म्हणाला.

दूध आता सकाळी, कपातून. काल सहाला अर्धं केळं दिलं आणि आठला मेतकूट-भात. निम्मा त्याने खाल्ला, निम्मा पेपरने. मग सासूबाईंनी मला न विचारता चार घास भरवले. मी बघून न बघितल्यासारखं केलं. वाटी उचलावी हे माझं मत मात्र अजून तेच आहे.

आजी, सहकारनगर
माझंही अजून तेच. आणि दमून घरी आलेल्या पोराचं संध्याकाळचं दूध एकदम तोडू नका गं, अर्धा कप तरी द्या.

धायरीकर बाबा
पेपरच्या बाहेरची फरशी कोणी पुसली?