'सीक्रेट वेपन्स ऑफ द लुफ्तवाफ' : खेळात जर्मन कॉकपिटमध्ये बसू द्यावं का?

विमानवेडा (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धावरचे विमानांचे जुने खेळ निघाले, की हल्ली एक मत नेहमी ऐकू येतं. नाझी वायुदलाच्या बाजूने खेळू देणारे खेळ मुळातच चुकीचे होते, असं ते मत. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते एका खेळाच्या आधारे सांगतो.

लुकासफिल्म गेम्सचा 'सीक्रेट वेपन्स ऑफ द लुफ्तवाफ' (लुफ्तवाफ म्हणजे नाझी जर्मनीचं वायुदल) हा संगणकावरचा खेळ १९९१ साली आला. कर्ता लॉरेन्स हॉलंड. त्याआधी त्याने 'बॅटलहॉक्स १९४२' आणि 'देअर फायनेस्ट अवर' केले होते, नंतर 'स्टार वॉर्स'वरचा 'एक्स-विंग' केला आणि बहुतेकांना तो त्यासाठीच माहीत आहे. माझ्या लेखी त्याचं सर्वांत मोठं काम हेच. विषय होता १९४३ ते ४५ या काळात जर्मनीवर दिवसाढवळ्या झालेला अमेरिकन बॉम्बहल्ला, आणि दोन्ही बाजूंनी खेळता यायचं.

या दोन बाजूंमुळे काय घडतं बघा. तुम्ही फॉके-वुल्फ १९० या जर्मन लढाऊ विमानात आहात. बी-१७ या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांच्या ताफ्यावर मागून गेलात तर शेपटीकडचे आणि वरचे तोफची चाळण करतात. म्हणून समोरून, नाकावर जायला शिकता. सुरुवातीच्या बी-१७ चं नाक दुबळं होतं, आणि खऱ्या जर्मन वैमानिकांनीही १९४२ च्या अखेरीपासून हाच मार्ग धरला होता. आता बाजू बदला. त्याच बी-१७ मध्ये बॉम्बफेक्याच्या जागी बसा. लक्ष्य जवळ आलं की विमान सरळ आणि समतल ठेवावंच लागतं. समोरून ठिपके मोठे होत येतात, ते काय करणार हे तुम्हाला नेमकं माहीत असतं, आणि तरी वळता येत नाही.

१४ ऑक्टोबर १९४३ ला श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यांवर २९१ बी-१७ निघाली. ६० परतली नाहीत. एका विमानात साधारण १० माणसं. हा आकडा पुस्तकात सगळ्यांनी वाचलेला असतो. ती ६० विमानं का पडली हे मला कळलं ते दोन्ही जागी बसल्यावर. एकच बाजू दिली असती, तर हाती फक्त नेमबाजी लागली असती.

रानजाई

असहमत, आणि पूर्णपणे.

तुम्ही फॉके-वुल्फचं उदाहरण घेतलंत, पण खेळ विकला गेला तो नावातल्या 'गुप्त अस्त्रां'वर. मेसरश्मिट २६२ हे जेट, मेसरश्मिट १६३ हे रॉकेटविमान, गोथा २२९ हे बिनशेपटीचं उडतं पंख. शेवटचं तर लढाईत कधी उतरलंच नाही, फेब्रुवारी १९४५ मध्ये चाचणीतच कोसळलं. ही सगळी 'थोडा वेळ मिळाला असता तर' या दंतकथेतली विमानं आहेत, आणि ती दंतकथा हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या खात्यानेच पेरली होती.

माझा खरा आक्षेप पुढचा आहे. जर्मन बाजूने मोहीम खेळताना कोणत्या विमानाच्या उत्पादनावर भर द्यायचा हे खेळाडू ठरवतो. उत्पादन म्हणजे पडद्यावर एक आकडा. प्रत्यक्षात २६२ चे सांगाडे ऑस्ट्रियात गुसेनच्या छळछावणीतले कैदी जमिनीखालच्या बोगद्यांत बनवत होते. शस्त्रास्त्रं बनवून घेणाऱ्या मिटलबाउ-डोरा या जर्मनीतल्या छळछावणीत सुमारे ६० हजार माणसं आणली गेली, त्यातली सुमारे २० हजार मेली. तो आकडा वाढवणाऱ्या खेळाडूला यातलं काहीच दिसत नाही. बी-१७ च्या नाकात बसून मिळणारी समज मला मान्य आहे. पण दुसऱ्या बाजूची किंमत झाकलेली असेल, तर ती समज अर्धी राहत नाही, खोटी होते.

विमानवेडा

रानजाई, गुसेनबद्दल तुम्ही लिहिलंत ते योग्यच आहे. दंतकथेबद्दल मात्र माझं म्हणणं उलट आहे. मेसरश्मिट १६३ खेळात उडवून बघा. इंधन साताठ मिनिटांत संपतं, त्यानंतर तुम्ही ग्लायडर असता आणि वरून मस्टँग ही अमेरिकन लढाऊ विमानं येतात. २६२ चा वेग अफाट, पण वळायला गेलात की ते जड आहे. त्याच्या युमो ००४ इंजिनाचं आयुष्य प्रत्यक्षात १०-२५ तासांचं होतं. विमान उतरताना सावकाश येई, म्हणून अमेरिकन वैमानिक जर्मन विमानतळांच्या वर टपून असत. 'चमत्कारी अस्त्र' किती पोकळ होतं हे हातात घेतल्यावरच समजतं.

शिवाय खेळासोबत दोनशेहून अधिक पानांचं पुस्तक होतं. नुसत्या कळा कशा दाबायच्या याचं नव्हे, त्या युद्धाच्या इतिहासाचं.

डॉस-काळ

पुस्तकाचा मुद्दा काढलात म्हणून लिहितो. आपल्याकडे किती जणांच्या हाती ते पुस्तक पडलं? पुण्या-मुंबईत हे खेळ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर आले. कुणाच्या ऑफिसातल्या ३८६ संगणकावर, रविवारी. पुस्तक अमेरिकेतल्या खोक्यातच राहिलं. आमच्या पिढीला इतिहास म्हणून जे मिळालं ते ३२० बाय २०० ठिपक्यांच्या पडद्यावर होतं तेवढंच. त्या पडद्यावर रानजाई म्हणतात ते खरोखरच नव्हतं. मी शाळकरी पोर होतो, जेटचं नाव घेतलं तरी अंगात वीज संचारायची. ते कुणी बांधलं हा प्रश्न कॉलेज संपेपर्यंत माझ्या डोक्यात आला नाही.

तेव्हा पुस्तकाच्या जोरावर खेळाचा बचाव करायचा असेल, तर तो ज्यांना पुस्तक मिळालं त्यांच्यापुरताच.

उड्डाणाच्या खरेपणाचं म्हणाल, तर २००१ चा 'आयएल-२ स्टुर्मोविक' हा विमानखेळ फार पुढचा आहे. हॉलंडची विमानं म्हणजे लहानमोठी होणारी चित्रं. त्यावर वाद नसावा.

कृष्णाकाठ

धागाकर्त्याशी सहमत, पण कारण वेगळं.

'आयएल-२' मध्ये तुम्ही एका विमानाचे वैमानिक असता. प्रपेलरच्या पात्यांचा कोन, इंजिनाचं तापमान, गोळी पंखात नेमकी कुठे लागली, सगळं चोख. पण आपण इथे का उडतोय हे विचारायला त्यात जागा कमी. हॉलंडच्या खेळात अमेरिकन बाजूने आज कुठे बॉम्ब टाकायचे हे तुम्हाला ठरवावं लागतं. म्हणजे १९४३-४४ मध्ये अमेरिकेच्या आठव्या वायुसेनेच्या मुख्यालयात जो वाद चालला होता तोच तुमच्यासमोर येतो.

तो वाद थोडक्यात असा. आधी विमानांचे आणि बेअरिंगचे कारखाने फोडायचं ठरलं. मोठी हानी सोसून ते केलं. तरीही १९४४ मध्ये जर्मनीचं लढाऊ विमानांचं उत्पादन वाढतच गेलं. खरा गळा आवळला गेला दोन गोष्टींनी. फेब्रुवारी-मार्च १९४४ पासून जास्तीच्या टाक्या लावलेली मस्टँग थेट बर्लिनपर्यंत सोबत जाऊ लागली आणि जर्मनीचे मुरलेले वैमानिक संपत गेले. मग मे १९४४ पासून लॉयनासारख्या कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर हल्ले झाले. एप्रिलमध्ये विमानांच्या इंधनाचं उत्पादन पावणेदोन लाख टनांच्या आसपास होतं, सप्टेंबरमध्ये ते काही हजार टनांवर आलं. विमानं रांगेत उभी, टाक्या रिकाम्या, आणि नवशिक्यांना शिकवायलाही पेट्रोल नाही. युद्ध हे पुरवठ्याचं गणित असतं, हे त्या काळात इतक्या स्पष्टपणे मांडणारा दुसरा विमानखेळ मला माहीत नाही.

(थोडं विषयांतर : १९४४ मध्ये इम्फाळवर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली आपल्या पहिल्या स्क्वाड्रनची हरिकेन लढत होती. पुढे वायुदलप्रमुख झालेले मुंबईचे हृषीकेश मुळगावकरही ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडाले. त्यांच्यावर असा खेळ व्हावा ही माझी फार जुनी इच्छा. त्यासाठी वेगळा धागा काढतो.)

रानजाई

कृष्णाकाठ, पुरवठ्याचं गणित म्हणता, तर त्या गणितात मजूर येत नाहीत का? १९४४ मध्ये बॉम्ब पडत असूनही उत्पादन वाढलं, ते कुणाच्या जिवावर? इंधन मोजायचं, बेअरिंग मोजायचे आणि माणूस सोडून द्यायचा, हे गणितच चुकलेलं आहे.

नीलमोहर

जर्मनीत राहते, म्हणून या चर्चेत दोन शब्द.

नॉर्डहाउझेनजवळ कोनश्टाइन नावाची टेकडी आहे. तिच्या पोटातले बोगदे आज मिटलबाउ-डोराच्या स्मारकाचा भाग आहेत आणि काही अंतरापर्यंत आत जाता येतं. उन्हाळ्यातही जॅकेट लागतं. व्ही-२ रॉकेटं इथेच बनली हे बरेच जण जाणतात. त्याच डोंगराच्या उत्तरेकडच्या बोगद्यांत युंकर्स कंपनीचा इंजिनांचा कारखाना होता आणि तिथे युमो ००४ तयार व्हायचं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. वर ज्याच्या १०-२५ तासांच्या आयुष्याची गोष्ट झाली, तेच इंजिन.

त्यामुळे ते इंजिन लवकर का मरायचं हा प्रश्न मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही. निकेल आणि क्रोमियमचा तुटवडा होता, उष्णता सोसणारा धातू मिळत नव्हता, हे मूळ कारण. पण त्या टंचाईतही हजारोंनी इंजिनं काढायचा हट्ट ज्या राजवटीने धरला, तिनेच ही माणसं बोगद्यात कोंडली. दोन्ही गोष्टी एकाच निर्णयाच्या आहेत.

खेळावर बंदी घाला असं मी म्हणणार नाही. मात्र विमानवेडा, एक गोष्ट लक्षात घ्या. हा खेळ बॉम्बफेकीच्या बाबतीतही सोयीचं तेवढंच दाखवतो. त्यात फक्त अमेरिकन दिवसा उडतात आणि कारखाने फोडतात. रात्री शहरांवर जाणारं ब्रिटिश बॉम्बर कमांड नाही. जुलै १९४३ ची हॅम्बुर्गवरची बॉम्बफेक नाही. खाली माणसं राहतात हे दोन्ही बाजूंच्या खेळाडूंपासून लपलेलं आहे.

विमानवेडा

नीलमोहर, इंजिनाचा धागा तुम्ही जोडलात त्याबद्दल मनापासून आभार. मला वाटतं हा प्रतिसाद माझ्याच बाजूचा आहे. युमो ००४ हे नाव ज्याला परकं नाही, तोच त्या बोगद्यात 'अरे, हे तेच' म्हणून थबकेल. खेळाने मला नावं दिली, आणि नावं माहीत होती म्हणून पुढे वाचत गेलो. जर्मन बाजू काढून टाकली असती तर २६२ माझ्यासाठी नुसतं एक लक्ष्य राहिलं असतं. त्याच्या कारखान्यापर्यंत मी पोचलोच नसतो.

रानजाई

तुम्ही पोचलात. डॉस-काळ यांनी वर स्वतः लिहिलंय की ते वर्षानुवर्षं पोचले नाहीत. ज्यांनी पुढे काहीच वाचलं नाही ते 'जर्मन इंजिनियरिंग' म्हणत आजही उसासे टाकताना भेटतात.

याच खेळाची एक जोडडिस्क (नवं विमान देणारी वेगळी पुरवणी) आली होती, हाइंकेल १६२ ची. लाकडी, झटपट बनवायचं जेट. ग्लायडरवर शिकवलेली हिटलर युथ या नाझी युवक संघटनेतली पोरं त्यात बसवायची योजना होती. डिसेंबर १९४४ मध्ये पहिल्याच नमुन्याचा पंख सदोष गोंदामुळे हवेत निखळला आणि वैमानिक मेला. व्हिएन्नाजवळ हिंटरब्रूलच्या खाणीत माउटहाउझेन छळछावणीचे कैदी ते विमान बांधत होते. जोडडिस्कवर ते आणखी एक नवं, वेगवान विमान म्हणून येतं.

सरळ विचारते. तुमच्या घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीला हा खेळ द्याल का? दिलात तर सुरुवात कुठल्या विमानापासून कराल?

विमानवेडा

देईन. सुरुवात बी-१७ पासून, आणि वैमानिकाच्या नव्हे, शेपटीकडच्या तोफचीच्या जागेवरून. त्यानंतर फॉके-वुल्फ. २६२ सर्वांत शेवटी, आणि त्याआधी नीलमोहर यांचा प्रतिसाद तिला वाचायला लावेन. हाइंकेल १६२ तिच्या हाती देणार नाही. पोरांना मारण्यासाठी बांधलेलं विमान आहे ते.

रानजाई

म्हणजे चार विमानांपैकी एक तुम्ही स्वतःच काढून घेतलंत आणि एकासोबत वाचन सक्तीचं केलंत. हे काम हॉलंडच्या खेळाने करायला हवं होतं. अमेरिकन बाजूला लक्ष्यं निवडायची यादी तयार असताना एक पडदा कारखान्याच्या आतला दाखवणं अवघड नव्हतं.

डॉस-काळ

यावर तांत्रिक बाजूने सांगतो : अवघड नव्हतंच. मोहिमेच्या मधले पडदे नुसती चित्रं आणि मजकूर असायचे, फ्लॉपीवर थोडी जागा गेली असती इतकंच. ज्यांना हा वाद स्वतः तपासायचाय त्यांनी डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसवरचे खेळ आजच्या संगणकावर चालवणारी प्रणाली) खेळ चालवावा. आधी जर्मन मोहीम खेळा, आणि उत्पादनाचे आकडे बदलताना रानजाई यांचा पहिला प्रतिसाद शेजारी उघडा ठेवा.