जीएसबीपीएमचा तक्ता भिंतीवर लावला, आकडे सुधारले का?

बांधावरचा_अन्वेषक
काल इथेच एकाने लिहिलं, "जीएसबीपीएम राबवा, त्याला डीडीआय आणि एसडीएमएक्स जोडा, सरकारी आकडेवारीवरचे निम्मे वाद मिटतील." मला राहवलं नाही. जीएसबीपीएम म्हणजे सर्वेक्षणाचं काम टप्प्याटप्प्याने मांडणारं आंतरराष्ट्रीय मॉडेल; डीडीआय आणि एसडीएमएक्स ही आकड्यांसोबतची माहिती लिहायची आणि पाठवायची मानकं. सोळा वर्षं फील्डवर काढली, मग छाननीत बसलो. आमच्याकडेही तो तक्ता आला होता: आठ टप्पे, ४४ उपप्रक्रिया. प्रत्येक टेबलाला आपला चौकोन मिळाला. मेटाडेटा, म्हणजे आकडे कसे गोळा केले याची माहिती, मात्र अहवाल छपाईला जाताना आठवला. एका नवीन पोराला दोन दिवस दिले. त्याने मागच्या फेरीची फाईल उघडली, वर्ष बदललं, सेव्ह केली. या असल्या जोडणीने कुठला वाद मिटणार?

सुलक्षणा
अहो, हा तुमच्या कार्यालयाचा दोष झाला, मॉडेलचा कसा? जीएसबीपीएममध्ये मेटाडेटा व्यवस्थापन आठही टप्प्यांवर पसरलेलं आहे, शेवटचा चौकोन म्हणून नाही. प्रत्येक पायरीत काय आत जातं आणि काय बाहेर येतं ते जीसिम हे त्याच्या जोडीचं मॉडेल सांगतं. प्रश्नाचा मजकूर, कुठून कुठे उडी मारायची, अन्वेषकाला दिलेल्या सूचना, हे डीडीआयचं काम. तयार तक्ता दुसऱ्या संस्थेकडे जाताना एसडीएमएक्स. यातलं काहीच न करता सगळ्यांना एकाच काठीने झोडपताय.

जुनी_दप्तरं
जीएसबीपीएमच्या आवृत्ती ४ मध्ये जतन हा स्वतंत्र टप्पा होता. २०१३ ला ५.० आली आणि तो गेला. म्हणे सगळीकडे विरघळवला. जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही! जुन्या शेड्यूलांचे, म्हणजे भरलेल्या प्रश्नावल्यांचे, गठ्ठे वाळवीने खाताना मी पाहिलेत.

बांधावरचा_अन्वेषक
सुलक्षणाताई, मग ९२ आणि २१ या कामाच्या कोडांचं सांगा. निफाड तालुक्यातलं घर. बाई ओट्यावर कांद्याची पात कापत बसलेली, बोटं काळी पडलेली. नवरा म्हणाला, "ती काही करत नाही." तीही म्हणाली, "घरीच असते मी." म्हणजे ९२, फक्त घरकाम. मी विचारलं, "ताई, कांदा कुणाचा?" "आमचाच." "विकायला कुठे?" "लासलगावला." झालं, कोड २१, घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस. पुढच्या वस्तीवर दुसरा अन्वेषक होता, अंधार पडायला आलेला. त्याने नवऱ्याचं ऐकून ९२ टाकला. तुमच्या मेटाडेटात दोन्ही कोडांची व्याख्या बिनचूक आहे. मी विचारलेले ते दोन प्रश्न कुठे आहेत?

माळरान
माझी आई चाळीस वर्षं निंदणी-खुरपणी करत आली. सर्वेक्षणवाले आले तेव्हा वडिलांनीच सगळी उत्तरं दिली. महिलांचा श्रमसहभाग वाढला की घटला यावर टीव्हीवर भांडणारे बघितले की मला तो दिवस आठवतो.

कोडकार
विषय मानकांचा आहे. बायकांच्या कामाचा वेगळा धागा काढा ना.

माळरान
हाच विषय आहे! आईचं अख्खं आयुष्य एका चुकीच्या कोडात गेलं आणि तुम्हाला ते विषयांतर वाटतं?

कोडकार
तसं म्हणायचं नव्हतं. पण एका घराच्या गोष्टीवरून देशाची पद्धत ठरत नाही. उलटं उदाहरण घ्या. २०२२-२३ च्या उपभोग खर्च सर्वेक्षणात एका भेटीऐवजी तीन भेटी झाल्या, प्रश्नावलीही तीन भागांत आली. तरी लोक २०११-१२ चा आकडा घेऊन सरळ वजाबाकी करतात. पद्धत बदलल्याची नोंद अहवालात असते, तक्ता एकटाच फिरतो. ती नोंद तक्त्याला चिकटून जावी म्हणूनच एसडीएमएक्स हवं.

बांधावरचा_अन्वेषक
हे मान्य. फॉरवर्ड झालेल्या तक्त्याला तळटीप नसते, हे रोज बघतो. पण तुम्ही तक्ता निघाल्यावरचं बोलताय, मी दारातलं. शेड्यूल इंग्रजीत, बाईशी बोलणं मराठीत, भाषांतर अन्वेषकाच्या तोंडी. मी वापरलेल्या मायक्रोडेटासोबत, म्हणजे घरागणिक नोंदींच्या फाईलसोबत, शेड्यूल होतं, दारात कोणत्या शब्दांत विचारलं ते नव्हतं.

सुलक्षणा
डीडीआयमध्ये एकाच प्रश्नाचा मजकूर अनेक भाषांत ठेवता येतो. जागा आहे, भरणारा नाही. आणि हो, ती जागा रचनेच्या टप्प्यातच भरायला हवी. अहवाल निघताना भरली तर ती तुमच्या त्या पोराच्या फाईलसारखीच होणार. एवढ्यापुरतं तुमचं बरोबर. मॉडेल टाकाऊ आहे हे मात्र मी मानणार नाही.

बांधावरचा_अन्वेषक
टाकाऊ म्हटलंच नाही. भिंतीवरचा तक्ता म्हणजे काम झालं, याला माझा विरोध आहे. टॅबमध्ये ९२ टाकला की "शेतमाल निवडता-कापता का, तो विकता का" हे मराठीत समोर आलं पाहिजे. उत्तर कुणी दिलं, तिने की नवऱ्याने, तेही फाईलमध्ये राहिलं पाहिजे. आणि छाननीत मी कोड बदलला तर का बदलला, ते लिहायला एक ओळ.

सुलक्षणा
प्रश्न जसेच्या तसे लिहून पाठवा, तुम्ही दारात विचारता त्या शब्दांत. मी डीडीआयमध्ये बसवून इथेच टाकते.

माळरान
निंदणी, खुरपणी, कांद्याची पात, गोठा, चारा. हे सगळे शब्द घाला. "काम करता का?" एवढंच विचारलंत तर आई आजही नाहीच म्हणेल.