पोर्शे ९४४ : मापकाशिवाय टायमिंग बेल्टचा ताण कसा ठरवावा?

माझी गाडी १९८६ची, २.५ लिटर, टर्बो नसलेली आहे. १९८७पासून आलेला, बेल्ट आपोआप ताणणारा स्प्रिंगचा टेन्शनर तिच्यात नाही. टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) फिरण्याशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारा दातेरी पट्टा, त्याला ताण हातानेच द्यावा लागतो, आणि बेल्टचे दात सुटले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून अंदाजावर भागवण्याची माझी तयारी नाही.

नवा बेल्ट बसवून, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा तपासल्या आहेत, त्या जुळतात. बेल्ट बोटांत धरून नव्वद अंशांपर्यंत पिळण्याची रीत एका जाणत्या मेकॅनिकने सांगितली, पण माझ्या आणि त्यांच्या बोटांचा जोर सारखा नसल्याने निकाल दर वेळी निराळाच येतो. कंपनीचे पी ९२०१ मापक मला मुंबईत मिळाले नाही. बॅलन्स शाफ्टच्या (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांच्या) वेगळ्या बेल्टबद्दल सध्या विचारत नाही.

ताण थंड इंजिनावर मोजायचा असतो, कारण तापल्यावर अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक प्रसरण पावून बेल्ट आणखी ताणला जातो. परंतु माटुंग्यातल्या माझ्या गॅरेजात मे महिन्यात पहाटेही तीस अंशांच्या आसपास तापमान असते.

मोबाइलवर बेल्टची कंपने ऐकून ज्यांनी याच इंजिनाचा ताण ठरवला आहे, त्यांनी बेल्टच्या कोणत्या भागावर, किती हर्ट्झ आणि किती तापमानाला मोजले?