उत्तर: उत्तर: १८ तारखेची छोटी खोली (हरकत असल्यास आजच कळवा)

प्रेषक: मिलिंद

मंडळी, फिलिपिनो चर्चचं आरोग्य शिबिर भरवणाऱ्या टेसचा आज पुन्हा फोन होता. १८ ऑक्टोबरच्या रविवारी त्यांना छोटी खोलीच हवी आहे, दार लागणारी. मोठ्या हॉलमध्ये पडदे लावून देतो म्हटलं, चालणार नाही म्हणाली. हेपटायटिस बी (यकृताचा विषाणू) साठी रक्त तिथे घेणार, आणि बायकांशी मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) आणि पॅप (गर्भाशयमुखाची तपासणी) यांचं बोलणंही तिथेच. वेळ साडेअकरा ते अडीच. त्यांची माणसं अकराला चर्चमधल्या मासमधून (प्रार्थनेतून) सुटतात आणि तशीच थेट येतात. एकदा घरी गेली की परत येत नाहीत, हे तिने बजावून सांगितलं.

त्या दिवशी भोंडला आपला, शिबिर त्यांचं; भाडं अर्धं-अर्धं ठरलेलंच आहे. परवा युनियन सिटीच्या ऑफिसात फॉर्म द्यायचाय.

प्रेषक: वैदेही (मराठी शाळा)

हरकत आहे. रविवारी दहा ते साडेबारा त्या खोलीत शाळा असते, आणि १८ला मोठ्या गटाची तोंडी परीक्षा आहे, हे ऑगस्टमध्येच या लिस्टवर कळवलं होतं. योगवाल्यांना "एकदाच" म्हणून खोली दिली तेव्हा काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. बाराखडीचे तक्ते अजून मिळालेले नाहीत.

शिबिराला माझा विरोध नाही. पण दर वेळी शाळाच का हलवायची? ब्रिजवाल्यांना कुणी का विचारत नाही? रक्तच घ्यायचं तर पार्किंगमध्ये व्हॅन उभी करता येत नाही का?

प्रेषक: मेघना

वैदेहीताई, व्हॅनमध्ये फक्त रक्त होईल. खरं काम बोलण्याचं आहे. हॉस्पिटलमध्ये माझ्या मजल्यावर बऱ्याच नर्सेस फिलिपिना आहेत. दुसऱ्यांच्या गाठी तपासायला लावणाऱ्या या बायका स्वतःचा मॅमोग्राम वर्षानुवर्षं ढकलतात. पैसे मनिलाला पाठवायचे, डबल शिफ्ट करायची, आईला सांभाळायचं, आणि छातीबद्दल मोठ्याने बोलायची लाज. आता नियम चाळिशीपासून दर दोन वर्षांनी असा आहे (२०२४ला बदलला), तरी "मला काही होत नाहीये ना" यावर विषय संपतो. इथल्या फिलिपिना बायकांत थायरॉइडचा कॅन्सरही इतरांपेक्षा जास्त सापडतो, म्हणून टेस मानेवर गाठ आहे का तेही विचारते. हे पडद्यामागे, शेजारच्या टेबलावर लुम्पिया (त्यांचे तळलेले रोल) वाटत असताना होणार नाही. आपल्या बायका तरी बोलतील का?

प्रेषक: शिरीष (काका)

ब्रिज दुपारी चारला असतो. आमचा काडीचा संबंध नाही.

बाकी तारीख झकास निवडली आहे. १८ ऑक्टोबर १५८७ला स्पॅनिश जहाजातून पहिले फिलिपिनो कॅलिफोर्नियात मोरो बेला उतरले. म्हणून ऑक्टोबर हा त्यांच्या इतिहासाचा महिना. आपल्या युनियन सिटीतल्या ज्या शाळेत निम्म्या मंडळाची पोरं शिकली तिचं नाव इटलियाँग आणि वेरा क्रूझ या दोन फिलिपिनो शेतमजूर पुढाऱ्यांवरून आहे, हे किती पालकांना माहीत आहे?

शिबिरात सिगारेटचं टेबल आहे का? फिलिपिन्समध्ये पुरुष फार ओढतात. २०१२ साली त्यांच्या सरकारने सिगारेट-दारूवर जबर कर बसवला आणि त्यातला मोठा वाटा गरिबांच्या आरोग्य विम्याकडे वळवला. त्याच वर्षी आपल्याकडे गुटखाबंदी झाली. त्यांचा कर वसूल होतो. आपल्या गुटख्याचं काय झालं ते कुठल्याही स्टँडवर जाऊन बघा. त्यांच्या लुझॉन बेटाच्या डोंगरातले लोक तर आपल्यासारखंच पान-सुपारी-चुना खातात. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, तंबाखू नसली तरी. तोंड तपासणारा एखादा डेंटिस्ट बोलवा.

प्रेषक: सुलभा

शिरीष, म्हणजे भोंडल्याला विडे ठेवायचे नाहीत का? तसं स्पष्ट लिही, मी सुपारी आधीच आणून ठेवली आहे. आणि मिलिंद, दोन वाजल्यापासून खिरापतीचे डबे छोट्या खोलीत असतात. ते उघड्यावर ठेवले तर ओळखायच्या आधीच संपतात. अडीचपर्यंत खोली अडली तर मी डबे कुठे ठेवू?

प्रेषक: अनिकेत

वैदेहीताईंच्या व्हॅनबद्दल. हेपटायटिस बी ची तपासणी "त्यांची" समजू नका. ज्या देशांत दोन टक्के किंवा जास्त लोकांत हा विषाणू आहे तिथे जन्मलेल्या प्रत्येकाने ती करावी असं इथलं मार्गदर्शन आहे. त्यात फिलिपिन्स आहे, भारतही आहे. २०२३पासून तर सगळ्याच प्रौढांनी आयुष्यात एकदा करावी असं सांगतात. जन्मताना आईकडून आलेला विषाणू यकृतात तीस-चाळीस वर्षं गुपचूप राहतो. बी चं वाईट हे की कधी कधी सिरोसिस (यकृत कडक होणं) न होताच थेट कॅन्सर होतो. आधी कळलं तर गोळी आहे, सहा महिन्यांनी सोनोग्राफी आहे. ज्यांना लागण नाही त्यांना लस आहे.

टेसच्या टेबलावर शौचाच्या तपासणीची किटंही असतील. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, पंचेचाळिशीपासून, वर्षातून एकदा, घरच्या घरी. किट हातात द्यायचा हट्ट उगाच नाही. लॉस एंजेलिसला यूसीएलए विद्यापीठाच्या लोकांनी फिलिपिनो मंडळींना छोट्या गटात बसवून समजावलं आणि किट दिलं. सहा महिन्यांत ३० टक्के लोकांनी तपासणी केली. ज्यांना नुसतं व्यायामावर ऐकवलं त्यांच्यात ९ टक्के. २०१०ला हे छापून आलं.

आणि मी बार्शीचा, म्हणून एक सांगतोच. आमच्या शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला होता. एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) चाचणी केलेल्या गावांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. जगभर तो दाखला देतात. माझी आत्या त्या वेळी दारात आलेल्या बाईला "घरी कुणी नाही" म्हणाली होती. दुसऱ्यांदा ती बाई शेजारणीला बरोबर घेऊन आली, तेव्हा आत्या चाचणीला गेली. टेस चर्चच्या बायकांना घेऊन हेच करते आहे.

प्रेषक: वैदेही

अनिकेत, हे सगळं मान्य. माझा प्रश्न सुयांचा होता. मुलं साडेबाराला त्याच खोलीतून दप्तरं घ्यायला येतात. सुया टाकायचा डबा कुठे असेल, आणि कोण लक्ष ठेवणार?

दुसरं, खाजगीत विचारणार होते पण इथेच विचारते. सासरे मार्चपर्यंत आमच्याकडे आहेत, व्हिजिटर विमा आहे, त्यात असलं काही बसत नाही. त्यांचा मोठा भाऊ यकृतानेच गेला, दारूचा थेंब न घेता. ते आले तर चालतील का, की फक्त त्यांच्या लोकांसाठी आहे?

प्रेषक: मेघना

चालतील. टेस विमा विचारतच नाही. तिच्याकडेही अर्धे असेच येतात, कुणाची आई, कुणाचा कागद नसलेला भाऊ. तुमच्या सासऱ्यांना हाताच्या बाह्या वर होतील असा शर्ट घालायला सांगा. डबा लाल, झाकणाचा, टेबलावर उंच ठेवतात. मी साडेबाराला दारात उभी राहते.

प्रेषक: मिलिंद

मग असं लिहितो: तोंडी परीक्षा स्टेजवर, पडदा ओढून, साडेअकरापासून. तक्ते आणि फळा आदल्या रात्री मी स्वतः गाडीत टाकून नेतो. छोटी खोली साडेअकरा ते अडीच टेसकडे. खिरापतीचे डबे अडीचपर्यंत स्वयंपाकघराच्या वरच्या कपाटात, किल्ली सुलभामावशींकडे. सासऱ्यांचं नाव टेसला कळवलं. शिरीषकाका, डेंटिस्ट तुम्हीच शोधा.

प्रेषक: वैदेही

फळ्यावरचं पुसू नका, तसाच उचला.

प्रेषक: सुलभा

वरच्या कपाटात माझा हात पोचत नाही. आणि विड्यांचं कुणीच उत्तर दिलेलं नाही.