डिचोलीचा पट्टेरी दगड
पृथ्वीचं खास रत्न कोणतं, असं विचारलं की काही जण हिऱ्याचं नाव घेतात; पण हिरा फक्त पृथ्वीवरच मिळतो, हे म्हणणं मला पटत नाही. हिऱ्याचे बारीक कण उल्कांमध्येही सापडलेत. आपल्या ग्रहाचं खास लेणं म्हणून मी गोव्यातल्या डिचोलीकडच्या खाणपट्ट्यातला पट्टेरी लोहदगड पुढे करेन. एक थर करडा, चकाकणारा, लगेच दुसरा फिकट, गारगोटीचा. हातात घेतला की वजनच चकित करतं. काळपट दिसतो, पण फरशीच्या खरबरीत पाठीवर घासला की रेघ उमटते तांबडी!

हे थर दोन अब्जांहून जास्त वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचले. पाण्यात विरघळलेलं लोह गंजून खाली बसलं, आणि त्यामागे बहुतेक सूक्ष्मजीवांनी सोडलेला प्राणवायू होता. म्हणजे या दगडातलं तांबडं लोह हीसुद्धा जिवंतपणाचीच खूण. अमेरिकन खनिजशास्त्रज्ञ रॉबर्ट हेझन यांनी २००८ मध्ये मांडलं होतं की ज्ञात खनिजांपैकी सुमारे दोन तृतीयांश खनिजं जीवसृष्टीमुळेच घडली.