मदत हवी आहे : गिरणीच्या गल्ल्यातून जमलेली नाणी, कोणती जपावीत?

जात्यावरची ओवी

नमस्कार मंडळी,

सांगलीजवळच्या एका गावात आमची पिठाची गिरणी आहे. गल्ल्यावर पस्तीस वर्षं माझे सासरे, अण्णा, बसायचे. रात्री हिशोब करताना एखादं नाणं वेगळं वाटलं की ते बाजूला काढायचे आणि तेवढेच पैसे स्वतःच्या खिशातून गल्ल्यात टाकायचे. नाणं जायचं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. गेल्या श्रावणात अण्णा गेले. परवा बरणी ओतून मोजली, ४१२ नाणी निघाली.

अडचण अशी झाली आहे की पुतण्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना जातं म्हणे. बरणीत तशी सात आहेत. त्याने व्हिडिओखालच्या नंबरवर फोटो पाठवले. समोरच्याने लगेच ‘गिऱ्हाईक तयार आहे’ सांगितलं, रिझर्व्ह बँकेचं चिन्ह असलेलं एक पत्र पाठवलं आणि नोंदणीसाठी आधी २,१५० रुपये मागितले. मी तूर्त थांबवलं आहे. पण घरात रोज विषय निघतो, आणि बहिणीच्या लग्नाचं कर्ज डोक्यावर असलेल्या त्या पोराला नुसतं ‘नाही’ म्हणणं मला जड जातंय.

बाकी बरणीत भोकाचे पैसे आहेत, कमळाचे पितळी वीस पैसे, चार आणे, आठ आणे, एक १९४४ चा राजाछाप रुपया, शिवाजी महाराजांचे दोन रुपये, ज्ञानेश्वर माउलींचा रुपया. एक जाड पाच रुपयांचं नाणं अण्णांनी कागदात गुंडाळून ठेवलं होतं. कागदावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय : ‘साल १९९९. खाली बारीक अक्षरं आहेत. कुणाला तरी विचारणे.’

तेच आता मी विचारते आहे. आणि एक चूक सांगून टाकते, दोन भोकाचे पैसे मी चिंचेने घासून लख्ख केले. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

रानपाखरू

ताई, पैसे अजिबात पाठवू नका. माझ्या मामांनी असेच आधी ९०० भरले, मग कर म्हणून ४,००० मागितले, मग विमा. एकही पैसा परत आला नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी कुणाकडून शुल्क किंवा दलाली मागत नाही. ते निवेदन पुतण्याला वाचायला द्या, तुमच्या ‘नाही’पेक्षा ते जास्त पटेल.

मोडीवाचक

ओवीताई, आधी चिंच बंद! तांब्या-काशाच्या नाण्यावर वर्षानुवर्षं चढलेला काळपट थर संग्राहकाला हवा असतो. घासलं की तो जातो, शिवाय बारीक ओरखडे उठतात. दोनच घासलीत ना, बाकीची तशीच राहू द्या. कोरड्या कागदी पाकिटात एकेक ठेवा, मऊ प्लास्टिकच्या पिशवीत नको, त्याने नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो.

वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं, श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलेलं. पाच आणि दहा रुपयांत व्यवहारासाठीच आलं होतं, म्हणून तर गिरणीत सात सापडली. लाखांची गोष्ट सोडून द्या.

आता खरं बघायचं कुठे? सालाच्या खाली. तिथे चौकटचं चिन्ह असेल तर नाणं मुंबई टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. एकाच सालचं, एकाच छापाचं नाणं एका टांकसाळीने भरमसाट पाडलेलं असतं आणि दुसरीने थोडंच, त्यामुळे किंमत ठरवताना साल आणि चिन्ह जोडीनेच वाचावं लागतं. नुसतं ‘जुनं आहे’ म्हणून भाव येत नाही. तुमचे भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ मधले असणार, आजही ते गावोगाव ट्रंकांमधून निघतात.

अण्णांच्या कागदातलं नाणं वाचून मात्र मी उठून बसलो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडे नाण्यांची टंचाई होती, तेव्हा सरकारने काही नाणी परदेशी टांकसाळींतून पाडून आणली. पाच रुपयांची काही मॉस्कोहून आली, त्यांच्यावर सालाखाली रशियन लिपीतली तीन बारीक अक्षरं असतात. भिंग घेऊन बघा. याचेही लाख येणार नाहीत, पण गल्ल्यावरच्या पिवळ्या दिव्यात ज्याला हे दिसलं त्या माणसाची नजर काय असेल!

राजाछाप रुपया नीट ठेवा. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती, तरी १९४४ च्या नाण्यात ती निम्मी चांदी आहेच. १९४७ चा रुपया मिळाला तर तो निकेलचा.

आणखी एक, बिघडलेल्या छापाची नाणी शोधा. सिंहमुद्रा सरळ धरून नाणं वर-खाली चिमटीत पकडा आणि आडवं फिरवा. मागची बाजूही सरळ दिसली पाहिजे. कललेली किंवा उलटी दिसली तर साचा फिरलेला आहे, आणि असं नाणं रोजच्या सुट्ट्या पैशांतही सापडू शकतं. जितकं जास्त कललेलं, तितकी मागणी.

चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून व्यवहारातून बाद आहेत. आठ आणे अजून वैध आहेत, दुकानदार काहीही म्हणोत.

कधी नाशिककडे जाणं झालं तर अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था पाहून या. पुतण्यालाही न्या.

जात्यावरची ओवी

मोडीवाचककाका, रानपाखरू, दोघांचे मनापासून आभार. निवेदन पुतण्याने स्वतः मोठ्याने वाचलं आणि तो नंबर बंद केला. मग रात्री अकरापर्यंत तोच भिंग घेऊन बसला होता.

अक्षरं तीनच आहेत, आणि आपली नव्हेत. अण्णांच्या कागदाच्या मागे मी ‘मॉस्को’ लिहून नाणं पुन्हा त्यातच गुंडाळलं.

आता नवा प्रश्न. शिवाजी महाराजांचे दोन रुपये तुम्ही सांगितलं तसे फिरवून पाहिले. चारपैकी तीन सरळ आहेत, चौथ्यावर महाराज साधारण पाव फेरी कललेले दिसतात. सालाखाली चौकट आहे. हे साचा फिरलेलंच ना, की मी चिमटीत चुकीचं धरतेय? उद्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढून टाकते, बघून सांगाल का?